पाड्यावर कोणती गाडी चढेल?

जुम्याची नमाज झाली, लोक चपला शोधत होते, तेवढ्यात भाच्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "मामू, ये देखो. बकरी जैसी चढती है."

पडद्यावर एक उघडी, लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी गाडी होती. चारही चाकं चार वेगवेगळ्या दगडांवर, आणि तरी ती वर चढत होती. आत दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली. या शेजारी बसण्यावरूनच तिला इंग्रजीत 'साइड बाय साइड' म्हणतात. भाचा पाच वर्षं सौदीत होता, तिथे वाळूच्या टेकड्यांवर शौकीन लोक याच गाड्या उडवतात, तिकडे तिला बगी म्हणतात. त्याचं म्हणणं, जमातीने जमवलेल्या पैशातून हीच घ्यायची.

पैसे कसे जमले ते आधी सांगायला हवं. आमचं गाव यावल-रावेरच्या पट्ट्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. खाली केळी, वर जंगल. वरच्या पाड्यावर सगळी घरं तडवींची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तडवी भिल्ल हे मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीच्या यादीतही आहेत, कारण त्या यादीला धर्माची अट नाही. आमच्या खालच्या मशिदीत ते ईदला येतात, आमच्या केळीच्या बागांत रोज येतात. आम्ही मात्र वर फार क्वचित जातो. गावापासून पाडा चौदा किलोमीटर. अकरा किलोमीटर डांबर आहे, बरं म्हणावं असं. पुढचे तीन किलोमीटर म्हणजे मुरूम, दगडगोटे आणि दोन नाले.

गेल्या पावसाळ्यात वरच्या एका पोरीला रात्री कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली, आणि डांबर संपतं तिथे थांबली. त्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही, ती गाडी पुढे गेली असती तर पहिल्या नाल्यातच बसली असती. पोरीला खाटेवर घालून चौघांनी खाली आणलं. दुसऱ्या नाल्याला पाणी होतं, ते उतरायची वाट बघण्यात तास गेला. पोरगी वाचली. बाळ वाचलं नाही. मय्यत खालच्याच कब्रस्तानात झाली, कारण वर परत न्यायला वाटच नव्हती. त्या दिवशी कबरीवर माती देताना आमच्यातल्या बऱ्याच जणांनी खाली माना घातल्या होत्या, मी धरून.

चंदा सुरू झाला तो तिथून. चार महिन्यांत सहा लाख चाळीस हजार जमले. केळीच्या व्यापाऱ्यांनी दिले, गल्फमधल्या पोरांनी दिले, गावातल्या पाटील मंडळींनीही दिले. आता प्रश्न एकच, गाडी कोणती. आणि त्यावर दोन तट पडले: तरुणांची बगी आणि म्हाताऱ्यांची जीप. मला दोन्हीकडून विचारलं गेलं म्हणून हे लिहितोय. माझं मत जीपच्या बाजूचं आहे, पण त्याची कारणं म्हातारे देतात ती नाहीत.

म्हातारे म्हणतात, ते खेळणं आहे. हे चूक आहे. गाडी म्हणून पाहिलं तर त्या तीन किलोमीटरांत बगी जीपला हरवेल, हे कबूल केलं पाहिजे. जीप दीड टनाच्या पुढची. बगी तिच्या निम्म्याच्या आसपास. आमची काळी माती पावसात कशी धरते हे बैलगाडी हाकलेल्या कोणालाही सांगायला नको. जड गाडी त्यात रुतत जाते, हलकी वरून निघून जाते. बगीच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, त्यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. जीपला खाली पाटे आणि सरळ आडवा ॲक्सल, एक बाजू उचलली की दुसरी हवेत जाते आणि आत बसलेल्याचं डोकं छताला लागतं. बगीला गिअर बदलायचे नसतात, पट्ट्यावर चालते, जुन्या लुनासारखं. शिकायला एक दिवस पुरतो. उलटली तरी वरचा पिंजरा माणसाला वाचवतो, पट्टा लावलेला असेल तर. अमेरिकेत डोंगरातून जखमींना काढायला अग्निशमन दलाचे लोक हीच गाडी वापरतात, मागच्या डाल्यात स्ट्रेचर आडवं घालून. म्हणजे भाच्याला सुचलेली कल्पना वेडगळ नाही.

पण त्या तीन किलोमीटरांच्या आधी अकरा किलोमीटर डांबर आहे, आणि तिथेच बगीचं सगळं गणित अडतं.

ही गाडी आपल्याकडे रस्त्यावर चालवायला नोंदलीच जात नाही. विकणारेही ती रानात, रिसॉर्टमध्ये, स्वतःच्या जमिनीवर चालवायची म्हणूनच विकतात. जळगावच्या एमएच 19 चा नंबर तिला मिळायचा नाही, धुळ्याचा एमएच 18 ही नाही. नंबर नाही म्हणजे विमा नाही. आणि विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणून उद्या एखाद्या सायकलवाल्याला धक्का लागला, तर भरपाई कोण देणार? जमातीचे ट्रस्टी, आपापल्या खिशातून. आमच्या ट्रस्टींमध्ये एक शिंपी आहे आणि एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. एका कंपनीने 2020 मध्ये यावर तोड काढली होती. पोलारिस या अमेरिकी कंपनीने आपली चारचाकी एटीव्ही चक्क शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतली आणि आठ लाखांच्या आसपास किमतीला बाजारात आणली. डोकं छान चालवलं. पण ती मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची गाडी. तिच्यावर कळा आलेली बाई कशी बसवणार?

यावर भाच्याने सुचवलं, डांबर संपतं तिथेच बगीसाठी शेड बांधू. खालून साधी गाडी येईल, वरून बगी येईल, पेशंट बदलू. कागदावर हे चांगलं दिसतं. पण मग दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, एक शेड, आणि ती शेड वनखात्याच्या जमिनीवर. शिवाय रात्री दोन वाजता शेडची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात जो वेळ जाईल तो कुठल्याही नाल्याइतकाच.

आणखी एक गोष्ट मला पुरुषांच्या बैठकीत एकानेही बोलून दाखवली नाही. ती माझ्या आपाने सांगितली. तिला मोबाईलवरचं ते चित्र दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "याला दरवाजे कुठेयत?" खरंच की. बाई कळा देत आहे, कपडे ओले आहेत, पाऊस आहे, आणि आपण तिला चहूबाजूंनी उघड्या पिंजऱ्यात घालून तीन गावांतून नेणार. आमच्याकडे पडद्याचा विषय निघाला की लोक लगेच बुरख्यावर जातात. हा पडदा तसला नाही. कुठल्याही बाईला हवा असतो तो.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेलाय. आयशर आणि पोलारिस या दोन कंपन्यांनी मिळून 2015 च्या जूनमध्ये 'मल्टिक्स' नावाची गाडी आणली होती. आठवत असेल कोणाला: छोटी, डिझेलवर चालणारी, जमिनीपासून बरीच उंच, पाच माणसं किंवा मागची सीट दुमडून भरपूर सामान. आणि गाडीच्या इंजिनावर वीज निघायची, शेतातला पंप किंवा लग्नातले दिवे चालतील एवढी. किंमत अडीच लाखांच्या आत. साइड बाय साइडचं हे आपल्या खेड्यासाठी शिवलेलं रूप होतं आणि मला ती मनापासून आवडली होती. 2018 च्या मार्चमध्ये दोन्ही कंपन्यांनी तो संसार मोडला. गाडी वाईट नव्हती. पण अडीच लाखांत लोक सेकंडहँड का होईना मोटार बघतात, सामान वाहायचं तर छोटा हत्ती बघतात. जी गाडी दारात उभी राहिल्यावर शेजाऱ्याला काय आहे ते कळत नाही, ती आपल्याकडे विकली जात नाही. लग्नाच्या स्थळातही ती मोजली जात नाही, हे मी चेष्टेने म्हणत नाहीये.

याच 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक उलटी गोष्ट घडली. महिंद्राने तिथे मिशिगनमध्ये 'रॉक्सॉर' नावाची गाडी विकायला काढली, साइड बाय साइड म्हणूनच. रानात आणि शेतात चालवायची, वेग ताशी 72 किलोमीटरला बांधलेला. आणि ती गाडी होती काय? आपली थार. जुनी, पाट्यांवरची, डिझेलची जीप, जी आपल्याकडे वनखात्याच्या आवारात आणि पोलीस ठाण्याबाहेर उभी असायची. तिचं तोंड जीपसारखं दिसतं म्हणून जीपच्या अमेरिकी मालकांनी तक्रार केली, 2020 मध्ये विक्रीवर बंदी आली, मग महिंद्राने तोंड बदललं आणि परवानगी परत मिळवली. मला यातली गंमत वेगळी वाटते. अमेरिकेतला शेतकरी नाजूक प्लॅस्टिकच्या बग्यांना कंटाळून आपली जीप घेत होता, आणि आमचा भाचा आपली जीप सोडून त्याची बगी मागतोय.

जीपचा विषय निघालाच आहे तर एक जुनी आठवणही नोंदवतो, आमच्या लोकांना ती फारशी माहीत नसते. ही कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इथे 1948 मध्ये पाटी बदलली आणि 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. हाजीसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपला अर्धा हिस्सा होता की!" सगळे हसले. आमच्या पिढीच्या लोकांना असल्या हसण्याच्या मागे काय असतं ते ठाऊक आहे. असो.

जीपच्या बाजूने माझं पहिलं कारण फिटर हे आहे. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, कुठेही जा, जीपच्या खाली झोपून काम करणारा माणूस सापडतो, आणि दहातले निम्मे तरी आपल्यातलेच निघतात. खान्देशातल्या मुसलमान पोरांच्या दोन पिढ्या जीपच्या ग्रीसवर वाढल्या. नव्वदच्या दशकात कमांडर जीपा आल्या तेव्हा बस जिथे जात नव्हती तिथे त्या गेल्या. आत दहा, टपावर सहा, मागे लटकलेले चार. धडगाव, तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते, नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. त्या डोंगरातला बाजार, दवाखाना, कोर्टाची तारीख सगळं या जीपांवर चालायचं. पाटा तुटला तर लोक बाभळीची दांडी बांधून गाडी खाली आणत. क्लचप्लेट, बुश, जॉइंट, सगळं तालुक्याला मिळतं, नाही मिळालं तर धुळ्याला भंगारात मिळतं. बगीचा पट्टा तुटला तर? तो कुठून तरी मागवायचा, यायला आठवडे लागणार, आणि बाळंतपणं आठवडे थांबत नाहीत.

पण इथेच मला म्हाताऱ्यांशीही भांडायचं आहे. त्यांच्यातल्या काहींनी तिसरंच काढलं: जीप कशाला, सहा लाखांत सेकंडहँड पिकअप येते. आठवडाभर केळी वाहील, भाडं येईल, अडचणीला पेशंट आणेल, लग्नाला वऱ्हाड नेईल. जमातीच्या पैशाला जमातीचा फायदा.

15 फेब्रुवारी 2021 ची मध्यरात्र आठवा. धुळ्याकडून पपई भरून रावेरकडे निघालेली गाडी यावल तालुक्यात किनगावजवळ उलटली. पपईवर मजूर बसले होते. 15 माणसं गेली, बाया आणि पोरंही. रावेर तालुक्यातली सगळी मजूर कुटुंबं, त्यात तडवीही होते. रावेरच्या गल्ल्यांत त्या दिवशी जनाजेही निघाले आणि तिरड्याही. आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नंदुरबारच्या चांदशैली घाटात पिकअप कोसळली, अस्तंब्याची यात्रा करून परत येणारे भाविक तिच्यात होते. दोन्ही वेळा माल वाहायच्या गाडीत माणसं होती. घाटात माणसांनी भरलेला डाला वळणावर एका बाजूला झुकतो. केळीचे घड झुकत नाहीत, माणसं झुकतात.

आणि मेल्यानंतरचं ऐका. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसासाठी विमा कंपनी बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच आशा राणी खटल्यात सांगून टाकलंय. मालाचा मालक स्वतः बसला असेल तर गोष्ट वेगळी. बाकी वऱ्हाडी, मजूर, पेशंटचे नातेवाईक यांचा हिशेब गाडीमालकाकडे. ट्रॉलीतून नेलेल्या वऱ्हाडाचंही तसंच. आपल्याकडे किती लग्नं अशी होतात? म्हणून पिकअपला माझा विरोध आहे, भाडं कितीही येवो. पाड्यावरची माणसं आधीच आयुष्यभर मालाबरोबर मालासारखी जात आलीयत.

विम्याचं आलंच आहे तर जीप घेणाऱ्यांनीही कान इकडे करावा. सेकंडहँड गाडी घेतली की आपण स्वस्तातली थर्ड पार्टी पॉलिसी काढतो आणि निश्चिंत होतो. त्या पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस येतो, खाजगी गाडीत आत बसलेला येत नाही. आत बसणाऱ्यांसाठी पॅकेज पॉलिसी लागते. फरक वर्षाला काही हजारांचा असेल. जमातीने पहिल्या वर्षापासून ती काढावी, आणि आरसी बुकवर जेवढ्या सीट आहेत तेवढीच माणसं बसवावीत. पेशंट, एक बाई, एक पुरुष. सासू, दीर, मावशी आणि बघे नंतर येतील. खाजगी नंबरच्या गाडीत भाडं घ्यायचं नाही, डिझेलच्या नावाखालीही नाही. एकदा शंभराची नोट हातात घेतली की उद्या अपघातानंतर विमा कंपनीचा वकील तीच नोट कोर्टात दाखवतो.

पैशाबद्दल एक शंका इमामसाहेबांनी काढली आणि ती रास्त आहे. सहा लाख चाळीस हजारांपैकी सव्वा लाख लोकांनी रमजानमध्ये जकात म्हणून दिलेत. हनफी मसलकात जकात गरिबाच्या मालकीची करून द्यावी लागते, तमलीक लागते. जमातीच्या नावावरची गाडी त्यातून घेता येत नाही, जशी मशिदीची भिंत बांधता येत नाही. मग कोणीतरी नेहमीची पळवाट सुचवली, एका गरिबाला पैसे देऊ आणि त्याच्याकडून लगेच चंदा म्हणून परत घेऊ. मला हे आवडत नाही आणि मी तसं तिथे बोललो. तो सव्वा लाख सरळ पाड्यावरच्या गरजू घरांना द्यावा, हातात, मोजून. बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवस खाली येऊन राहायला पैसे लागतात, मजुरी बुडते. ते पैसे हातात असले तर निम्म्या वेळा रात्री गाडी पळवायची वेळच येणार नाही. आशाताई हेच वर्षानुवर्षं सांगत आलीय: नववा महिना लागला की खाली या. राहायचं कुठे आणि खायचं काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

उरले पाच लाख पंधरा हजार. यात नवी थार येत नाही, आणि आली असती तरी मी नको म्हटलं असतं. तिच्यात मागे आडवं झोपवायला जागा नाही. माझ्या डोळ्यासमोर जुनी बोलेरो आहे, फोर बाय फोरवाली. अशा बोलेरो पूर्वी डोंगरी भागासाठी निघायच्या, आता शोधाव्या लागतात. लांब आहे, छत पक्कं आहे, दरवाजे आहेत. मधली सीट दुमडली आणि मागच्या बाकड्यांपैकी एक काढलं की माणूस तिरपा झोपू शकतो. बाकडं काढायचं तर आरटीओला विचारून, गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने नको. चार लाखांच्या आत मिळाली तर उरलेल्यात टायर, पॉलिसी आणि ड्रायव्हरचे सुरुवातीचे काही महिने निघतील.

ड्रायव्हरवर बैठकीत पाच मिनिटंही चर्चा झाली नाही, गाडीच्या रंगावर पंधरा मिनिटं झाली. (पांढरा की हिरवा. हिरवा नको म्हणणारा मी एकटाच होतो. गाडी सगळ्यांची आहे, तिला बघून कोणाला आत बसायला संकोच वाटता कामा नये.) रात्री दोनला फोन उचलणारा माणूस गाडीपेक्षा महाग पडतो, आणि गाडी एकदाच घ्यावी लागते, तो दर महिन्याला. माझी सूचना अशी की दोन ड्रायव्हर शिकवावेत, एक खालचा आणि एक पाड्यावरचा तडवी पोरगा. हलक्या गाडीचं लायसन्स पुरे आहे. गाडी पावसाळ्याचे चार महिने वर, पाड्याजवळ राहावी. आजारी माणूस वर असतो आणि गाडी खाली मशिदीच्या दारात झाकून ठेवलेली असते, यात काय अर्थ आहे?

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "पण मामू, नाल्याला पाणी आलं तर तुझी बोलेरो पण थांबणारच ना?"

थांबणार. त्याचा हा प्रश्न सगळ्यात खरा आहे. आणि बगी सुद्धा थांबणार, हलकी गाडी पाण्यात आधी तरंगते. जिथे फरशी पूल नाही तिथे कुठलीही गाडी आठ महिन्यांची. म्हणून मी गेले दोन आठवडे गाड्यांपेक्षा वनहक्क कायदा जास्त वाचतोय. 2006 च्या त्या कायद्यात कलम 3 पोटकलम 2 आहे. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा ठरावीक सोयींसाठी प्रत्येक वेळी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. आता हिशेब करा. तीन मीटर रुंद आणि तीन किलोमीटर लांब रस्ता म्हणजे नऊ हजार चौरस मीटर. एक हेक्टर दहा हजारांचा. आपला रस्ता त्यात बसतो! झाडंही फारशी जायची नाहीत, कारण पायवाट आहेच. आता भाग अभयारण्याच्या हद्दीत येतो की बाहेर, ते नकाशावर तपासावं लागेल. आत असेल तर आणखी परवानग्या लागतील आणि वर्षं जातील. बाहेर असेल तर पहिलं पाऊल म्हणजे ग्रामसभेचा ठराव, ज्याला चंदा लागत नाही.

हा ठराव इतकी वर्षं का झाला नाही, याचं उत्तर देताना मला अवघड वाटतं. ग्रामसभेला पाड्यावरचे लोक येतात ते मजुरी बुडवून, मागे बसतात, आणि खालचे आम्ही केळीच्या विजेचे आणि पाण्याचे विषय आधी घेतो. त्यांचा विषय येईपर्यंत चहा संपलेला असतो. मुसलमान म्हणून आपण जिल्ह्यात आपली गाऱ्हाणी मांडतो की आमची गल्ली शेवटी येते, आमचा विषय कोणी घेत नाही. वरच्या पाड्यासाठी तो जिल्हा आपणच आहोत.

शनिवारी-रविवारी नाशिक-पुण्याच्या नंबरच्या चकचकीत थार पालच्या रस्त्याने वर जाताना दिसतात. मोठे टायर, छतावर दिव्यांची रांग. पोरं नाल्यात गाडी घालतात, चाकं फिरवतात, चिखल उडवतात, व्हिडिओ काढतात. अभयारण्यात असं करायला परवानगी नाही, पण ते असो. मागच्या महिन्यात त्यातली एक आमच्याच नाल्यात अडकली, फोर बाय फोर लावूनही. पाड्यावरच्या सहा जणांनी दोराने ओढून काढली. पैसे देऊ केले तर म्हाताऱ्या तडवी चाचांनी घेतले नाहीत. फक्त विचारलं, ही गाडी पावसाळ्यात पण येते का?

पुढच्या जुम्याला निर्णय आहे. रविवारी मी, भाचा आणि सावद्याचा आमचा फिटर धुळ्याला एक बोलेरो बघायला जातोय, 2012 ची आहे म्हणतात. फिटरने बजावलंय की गाडीवाल्याने इंजिन आधी गरम करून ठेवलं असेल तर सौदा करायचा नाही, थंड इंजिन आपल्यासमोर चालू झालं पाहिजे, आणि फोर लोच्या दांड्यात गिअर पडतो का ते मैदानात नाही, चढावर बघायचं. भाच्याने अट घातलीय, पुढच्या बंपरला विंच बसवायची. ती मी मान्य केलीय. ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय, आणि त्या दिवशी पाड्यावरच्यांची मजुरी कोण भरून देणार याची यादी करायला घेतलीय. त्यात पहिलं नाव मी माझंच घातलंय, दुसरं अजून कोणी दिलेलं नाही.